बाबांचा धार लावायचा दगड

मित्रांनो, कुणाला मठ्ठ म्हणायचं असलं की तुम्ही त्याला 'दगड' म्हणता. म्हणा बापडे. मी एक जुना दगड आहे, धार लावायचा, गोल, मधोमध भोक असलेला, आणि माझा सगळा जन्म बोथट झालेल्यांना धार लावण्यात गेला आहे. एके काळी मी मोठ्या परातीएवढा होतो. आता ताटलीएवढा उरलोय. इतका झिजलो कसा, ते सांगतो. त्यात रक्त बरंच आहे, तेव्हा ज्याला सोसवत नसेल त्याने आत्ताच उठावं. बाकीच्यांनी जवळ सरकून बसा.

माझा जन्मच मुळी मारामारीतला. डोंगराला भोक पाडून त्यात दारू ठासली, वात पेटवली आणि मी बाहेर पडलो. माझ्यासोबत उडालेला एक धोंडा खाणीतल्या मजुराच्या गुडघ्यावर बसला. मजूर गुरासारखा ओरडत होता आणि मुकादम म्हणत होता, "त्याला बाजूला घ्या आधी, दगड बघा फुटलाय का." जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. मग पाथरवटाने मला छिन्नीने बडव बडव बडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सगळे सोसले, देवपण काही आलं नाही, मधे भोक तेवढं मिळालं.

माझा पहिला मालक हत्यारं विकायचा. त्याने मला लाकडी चौकटीत उभं बसवलं. खाली पायाने दाबायची फळी, ती दाबली की मी फिरायचो, आणि वर पाण्याचा डबा. डब्याच्या तळातून थेंब थेंब पाणी माझ्यावर पडत राहायचं, कारण कोरड्या दगडावर पातं तापतं आणि धार जळून जाते. मालक माझं फार कौतुक करायचा. "या दगडाची धार केस उभा चिरेल," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मीही फुशारून जायचो. माझ्याकडून धार घेऊन गेलेल्या सुऱ्या पुढे काय करतात, याचा मी कशाला विचार करतोय! एका दुपारी दोन गिऱ्हाइकं दुकानातच हातघाईवर आली. मालक मधे पडला. नुकतीच धार लावलेली सुरी त्याच्या बरगड्यांत मुठीपर्यंत गेली आणि तो माझ्यावरच कोसळला. वरून डब्यातलं पाणी टपकत होतं ते स्वच्छ होतं, खाली ओघळत होतं ते लाल.

त्याच्या बायकोने मला परसात फेकून दिलं. कितीतरी पावसाळे मी तिथे पडून होतो. माझ्यावर शेवाळ चढलं, कोंबड्या येऊन बसल्या, आणि कोंबड्या बसल्यावर जे करतात तेही त्यांनी केलं. कौतुकाचे दिवस आठवून मला रडू यायचं. दगडाला पाझर फुटतो तो असा, कुणी बघत नसताना.

एक दिवस दाराशी एक उंच, हडकुळा माणूस आला. डोक्याला फडकं, खांद्याला झोळी.

"ताई, धार लावायचं काही आहे का?"

"धारेचं नाव काढू नका या घरात," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात ती अवदसा पडलीय, ती तेवढी घेऊन जा."

तो माझ्यापाशी उकिडवा बसला. बोटाने घाण खरवडली आणि मला म्हणाला, "चल बाबा. तुझं ना माझं, सारखंच. मलाही कुणी आपल्या घरातला म्हणत नाही." मित्रांनो, तेच आमचे बाबा. पुढे सगळं गाव त्यांना बाबा म्हणायला लागलं, पण त्या शब्दाने आधी त्यांनी मला हाक मारली होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

बाबांचं दुकान दोन आळ्या मिळतात तिथे होतं. वरच्या आळीत देऊळ, खालच्या आळीत मशीद. पुढे एक खोली, तिच्यात मी. मागे पडद्याआड दुसरी खोली आणि तिच्यामागे आड. बाबा पहाटे मशिदीत जायचे आणि संध्याकाळी देवळात. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना हे खुपायचं. एकदा देवळातले पुजारी आणि मशिदीतले मौलवी चक्क एकत्र आले, आणि ते एकत्र आले याचंच मला नवल वाटलं. म्हणाले, "एकदा काय ते सांगून टाका. तुमचा जन्म कुठल्या आळीतला?"

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "मी तेव्हा फार लहान होतो."

फळी खाली दाबताना बाबा 'राम' म्हणायचे आणि ती वर येताना 'रहीम'. कुणी हटकलं की म्हणायचे, "एकदा नुसतीच दाबून बघ. अर्ध्या फेऱ्यात धार लागली तर मीही एकच नाव घेईन." धार म्हणजे काय, तेही ते समजावायचे. दगड म्हणाला मी झिजणार नाही, पातं म्हणालं मी झिजणार नाही, तर दोघं नुसतेच एकमेकांवर खरखरत बसतील. दोघं थोडे थोडे झिजतात तेव्हा धार येते. माणसामाणसांचंही तसंच असतं, असं ते म्हणायचे. ऐकणारे मान डोलवायचे आणि घरी जाऊन भावाशी भांडायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचे नियम दोनच. धार लावायला कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा: "काय कापायचं?" लोक सांगायचे, कांदा, कापड, दाढी, फांदी. एक मावशी एकदा तणतणत आली आणि म्हणाली, "नवऱ्याचं नाक." बाबांनी सुरी उलटसुलट करून बघितली. "मग धार बेताची लावतो," ते म्हणाले. "नाक राहू दे, शेंड्यावर ओरखडा पुरे." मावशी हसत घरी गेली. बाबांपुढे खोटं बोलायला जीभ रेटायची नाही, कारण ते स्वतः कधी खोटं बोलायचे नाहीत. त्यांचा मोठेपणा काय तो एवढाच. चमत्कार वगैरे मी तरी काही पाहिला नाही.

मार मात्र पुष्कळ पाहिला. वरच्या आळीतल्या चार टग्यांनी एका पहाटे त्यांना मशिदीच्या वाटेवर गाठून काठ्यांनी फोडून काढलं. दात पडला, कान फाटला. ते अंथरुणातून उठतात न उठतात तोच खालच्या आळीतल्या टग्यांनी देवळाच्या पायरीवरून खाली ओढलं आणि लाथांनी दोन बरगड्या मोडल्या. बाबा माझ्याजवळ येऊन बसले, फळीवर पाय ठेवला आणि कळवळले. मग म्हणाले, "दगडोबा, देवाच्या नावावरून भांडतात, पण मारण्याच्या बाबतीत दोन्हीकडचं शिक्षण एकच झालंय बघ."

बाबांची दोन माणसं जिवाभावाची. खालच्या आळीतला खाटीकदादा आणि वरच्या आळीतला सुतारदादा. दोघं रोज चहाच्या वेळेला उंबऱ्यावर बसायचे आणि एकमेकांची टिंगल करायचे. "याने केलेल्या खुर्चीवर माणसाने विमा उतरवून बसावं," खाटीक म्हणायचा. "याने तोललेल्या मटणाची घरी नेईपर्यंत हडकं होतात," सुतार म्हणायचा. खाटकाच्या धाकट्या भावाचा पाळणा सुताराने केला होता. पुढे त्या भावाच्या लग्नातला पलंगही त्यानेच केला.

आणि त्या भावाला मारलंही त्यानेच.

दिवस बाजाराच्या सुट्टीचा होता. त्या दिवशी दोन्ही आळ्या आपापल्या सुऱ्या, कोयते, सत्तूर बाबांकडे टाकून जायच्या आणि संध्याकाळी घेऊन जायच्या. सगळं एका मोठ्या पेटीत एकत्र. सुतारदादाने मात्र आपली वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, सकाळीच धार लावून नेली होती. दुपारी पाण्याच्या टाकीवर दोन बायकांची आधी कोण भरणार यावरून जुंपली. एक वरच्या आळीतली, एक खालच्या. बायकांचे नवरे आले, नवऱ्यांचे भाऊ आले, बघता बघता रस्ता भरला. सुतारदादा कामावरून परत येत होता, खांद्यावर वाकस. कुणीतरी मागून त्याच्या डोक्यात वीट घातली. तो भेलकांडला, डोळ्यांत रक्त उतरलेलं, आणि समोर जो आला त्याच्यावर त्याने वाकस चालवली. समोर खाटकाचा धाकटा होता. तो त्या गर्दीत अडकलेल्या वहिनीला, खाटकाच्या बायकोला, घरी न्यायला आला होता. वाकस मानेत रुतली आणि तो तिथेच संपला.

सुतारदादा धावत आमच्याकडे आला. त्याच्या अंगभर रक्त होतं, थोडं त्याचं, बरंचसं दुसऱ्याचं. "बाबा, माझ्या हातून खाटकाचा धाकटा गेला," तो म्हणाला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी पेटीला हात लाव." दोघांनी दोन्ही आळ्यांची हत्यारं भरलेली ती पेटी फरफटत मागे नेली आणि आडात ढकलली. केवढा आवाज झाला! बाबांनी सुताराला मागच्या खोलीत बसवलं आणि पडदा ओढला. बाहेर राहिला होता एकच सत्तूर, माझ्या चौकटीवर, धार लावायचा अर्धवट राहिलेला. तो खाटकाचा होता.

तो न्यायला खाटीकदादा स्वतःच आला. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या. भावाला उचलून घरी ठेवून तो आला होता.

"माझा सत्तूर द्या."

"अर्धाच झालाय."

"मग पुरा करा."

बाबांनी सत्तूर उचलला. "काय कापायचं?"

"सुताराची मान," खाटीकदादा म्हणाला.

मला वाटलं, आता बाबा समजूत घालतील, हात जोडतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. "बस," म्हणाले आणि फळीवर पाय ठेवला. पडद्यामागे सुतार बसला होता. तो सगळं ऐकत होता. मी गरगरायला लागलो.

मित्रांनो, सत्तुराला धार लावायला किती वेळ लागतो? पाण्याचा डबा अर्धा रिकामा होईतो काम होतं. बाबांचा डबा रिकामा झाला, त्यांनी तो पुन्हा भरला. धार लागली होती, तरी ते थांबले नाहीत. पातं माझ्यावर दाबत राहिले. सत्तूर झिजत होता आणि मीही झिजत होतो. लोखंडाचा आणि दगडाचा काळा गाळ खाली साचत होता. खाटीकदादा आधी नुसता बघत होता. मग म्हणाला, "पुरे झालं की."

"तुला मान कापायची आहे ना? नीट लावू दे."

बाहेर काचा फुटल्याचा आवाज आला, कुठेतरी दार मोडलं, एक बाई लेकाचं नाव घेऊन किंचाळत रस्त्याने गेली. आत मी फिरत होतो. खाटीकदादा बोलायला लागला. धाकटा लहानपणी त्याच्या पायांवर उभा राहून चालायचा, ते सांगितलं. सकाळीच त्याने त्याला उशिरा उठला म्हणून शिव्या दिल्या होत्या, तेही सांगितलं. "शेवटचं काय बोललो मी त्याला, तर आळशी म्हणालो," असं म्हणून त्याने भिंतीवर डोकं आपटलं, पुन्हा आपटलं, कपाळ फुटलं. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. बाबांचेही डोळे वाहत होते, पण पाय थांबला नाही.

उन्हं उतरली तेव्हा त्या रुंद सत्तुराचं बोटाएवढं अरुंद पातं उरलं होतं. बाबांनी ते पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"याने मान तुटायची नाही," खाटीकदादा म्हणाला.

"नाही तुटायची."

खाटीकदादाने ते पातं अंगठ्यावर फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तो आत आहे ना, बाबा?"

आता काय! खोटं एकदा बोललं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी मनात म्हणत होतो, नाही म्हणा, नाही म्हणा.

"आहे," बाबा म्हणाले.

खाटीकदादा पडदा सारून आत गेला. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. सुतारदादा म्हणाला, "मी कुठे पळून जात नाही." मग ठोसे, एकामागून एक. लाकडी पाटावर काहीतरी ठेवल्याचा आवाज, आणि मग सुताराची एक किंकाळी, एवढी मोठी की दोन्ही आळ्यांना ऐकू गेली असेल. खाटकाने त्याच्या उजव्या हाताची बोटं कापली होती, वाकस धरलेल्या हाताची. चारही. अंगठा तेवढा ठेवला.

त्याच वेळी दोन्ही बाजूंनी जमाव दुकानापाशी आला. वरून वरची आळी, खालून खालची, मधे आमचं दार. दोन्हीकडून एकच मागणी: "आमच्या सुऱ्या द्या."

बाबा दारात जाऊन उभे राहिले. "सुऱ्या आडात आहेत," त्यांनी सांगितलं. "ज्याला पाहिजे त्याने उडी मारावी."

आडाकडे कुणीच गेलं नाही. सगळे खाली वाकले. रस्त्याच्या कडेला खडी पडली होती, रस्ता करायची. दगड, मित्रांनो. माझेच जातभाई. पहिला दगड कुठल्या आळीतून आला ते मी सांगू शकत नाही, कारण पहिल्यापाठोपाठ लगेच इतके आले की हवा काळी झाली. वरची आळी खालच्या आळीला मारत होती, खालची वरच्या आळीला, आणि मधे बाबा हात पसरून उभे होते. एक कपाळावर बसला. एक तोंडावर. ते गुडघ्यांवर आले तरी दगड येतच राहिले. खाटीकदादा आतून धावला, त्याच्या मागे रक्ताळलेला हात फडक्यात गुंडाळून सुतारदादा. एकाने काखेत धरलं, एकाने चांगल्या हाताने पाय ओढले. त्यांनाही दगड लागले, दोन्हीकडचे.

बाबांना माझ्याशेजारी निजवलं. त्यांचा एक डोळा राहिलाच नव्हता. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी सुताराचा हात पाहिला, मग खाटकाकडे वळून विचारलं, "एवढ्यावर भागलं?"

"भागलं," खाटीकदादा म्हणाला.

मग बाबा गेले.

त्यांचं शेवटचं काय केलं ते त्या दोघांनाच ठाऊक. दोन्ही आळ्या विचारायला आल्या. "नीट केलं," एवढंच उत्तर मिळालं. मग दोन्ही आळ्यांची नजर माझ्यावर पडली. वरच्या आळीला मला शेंदूर लावून चौथऱ्यावर बसवायचं होतं, खालच्या आळीला माझ्यावर हिरवी चादर घालायची होती. बाबा आमचेच होते, दोघंही म्हणत होते, आणि त्यांना मारलं त्या दुसऱ्यांनी. जिवंतपणी ज्यांना आपला माणूस नकोसा होता, त्यांना आता त्याचा दगड हवा होता.

खाटीकदादा उंबऱ्यावर उभा राहिला. "देतो की," तो म्हणाला. "ज्याच्या दगडाने बाबा गेले, त्याने पुढे यावं आणि घेऊन जावा."

झालं. जो तो दुसऱ्या आळीकडे बोट दाखवत घरी गेला.

दुकान आता ते दोघं चालवतात. सुताराला रंधा धरता येत नाही, तो फळीवर पाय ठेवतो. पातं खाटीक धरतो. पूर्वीसारखी मैत्री राहिली, असं मी म्हणणार नाही. मेलेल्या धाकट्याच्या बायकोसमोर सुतार मान वर करत नाही, आणि खाटीक कधी कधी त्याच्या त्या हाताकडे बघतो आणि उठून बाहेर जातो. चहा दोघं वेगवेगळ्या वेळी पितात. पण पाय एकाचा आणि हात दुसऱ्याचा, असं त्यांनीच ठरवल्यामुळे दुसरा इलाज नाही.

वर्ष उलटल्यावर एक म्हातारा आला. हातात सुरी नव्हती. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मी टाकला होता. माझाच लागला का, ते मला माहीत नाही. पण टाकला होता." तो कुठल्या आळीचा ते मला ठाऊक आहे, तुम्हाला सांगणार नाही.

खाटीकदादा ताडकन उठला. मुठी वळलेल्या. आता पुन्हा खून बघावा लागणार, असं मला वाटलं. दगड असलो तरी मी भ्यालो. सुतारदादा जागचा उठला नाही. त्याने डाव्या हाताने पाण्याचा डबा म्हाताऱ्याच्या पुढ्यात सरकवला. "रिकामा झालाय," तो म्हणाला.

तेव्हापासून म्हातारा रोज येतो आणि माझ्यावर पाणी घालतो. खाटीकदादा त्याच्याशी एक अक्षर बोलत नाही. पण त्याला यायला उशीर झाला तर काम थांबवून दाराकडे बघत राहतो.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. झिजत झिजत एक दिवस मधलं भोक तेवढं राहील. मला शेंदूर नको, चादर नको. वेळेवर पाणी मिळालं की मला पुष्कळ झालं. आणि एक मागणं आहे, बाबांनी शिकवलेलं नव्हे, माझं स्वतःचं. रस्त्यावर पडलेले दगड माझे भाऊबंद आहेत. त्यांची घरं बांधा, पायऱ्या करा, लगोरी खेळा. रागाच्या भरात कुणी त्यातला एक उचलून तुमच्या हातात दिला, तर जरा थांबा. दगडाला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येतं.